वाळवंटातला सूर्योदय: निगेटिव्ह की स्लाइड?

भाचा डिसेंबरात नागपूरहून जैसलमेरला निघालाय. तिथल्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवरचा सूर्योदय फिल्मवर टिपून घरी स्कॅन करायचाय. एक्टार 100 ही निगेटिव्ह फिल्म (हिच्यावर रंग उलटे उमटतात) घ्यावी की व्हेल्विया 50 ही स्लाइड फिल्म (हिच्यावर थेट सुलटं चित्र उमटतं), यावर अडलाय.

उजेड सांभाळण्यात निगेटिव्ह कितीतरी पुढे. माझ्या एका स्लाइडवर सूर्याभोवती काचेसारखा पारदर्शक डाग आहे. तिथे रंगच उरला नाही, तर संगणक काय परत आणणार? निगेटिव्हमध्ये सूर्याभोवतीचा केशरी पट्टा सहसा सापडतो. फक्त सावलीला उजेड कमी पडू देऊ नये, म्हणून उजेड मोजायचा मीटर वाळूच्या सावलीतल्या लहरींवर धरावा.

रंगांत स्लाइड सरस. खालून उजेड देणाऱ्या लाइट टेबलवर ठेवली की फिल्मवर उतरलेला रंग समोर, स्कॅन त्याच्याशी ताडून बघता येतो. निगेटिव्हचा नारिंगी थर काढून रंग जुळवण्यात संध्याकाळ जाते. स्लाइड महागही पडते.

ओरखड्यांत दोन्ही सारख्याच: कॅमेऱ्यात शिरलेला एक कण रोलभर रेघ ओढतो. इन्फ्रारेडवाला स्कॅनर ती बरीचशी पुसतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं निगेटिव्हच घ्यावी. ज्याचा स्पॉट मीटरवर (छोट्याशा जागेपुरता उजेड मोजणाऱ्या मीटरवर) हात बसलाय आणि सूर्य वर येण्याआधीचा गुलाबी उजेडच हवाय, त्यानं स्लाइड. रोल मात्र लगेच धुवून घे रे, आपल्या मे महिन्यापर्यंत कपाटात ठेवू नकोस.