चौदा महिन्यांचा अनुभव: बी५५० बोर्ड, तीन स्लॉट आणि गायब झालेलं वायफाय

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेली १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान स्टोरेज ड्राइव्ह) लावली, पीसी चालू केला आणि वायफाय गायब. म्हणजे सिग्नल कमी झाला वगैरे नाही, टास्कबारवरचं चिन्हच गेलं, डिव्हाइस मॅनेजर उघडला तर नेटवर्कमध्ये फक्त लॅनचं नाव. पण हेडफोन ब्लूटूथवर नेहमीसारखा जोडला गेला. आणि ब्लूटूथ त्याच वायफाय कार्डावर आहे! त्या एका गोष्टीने पुढचे तीन आठवडे माझं डोकं खाल्लं, म्हणून हा रिव्ह्यू बोर्डाचा, म्हणजे मदरबोर्डाचा, असला तरी अर्धाअधिक स्लॉटबद्दलच होणार, आधीच सांगून ठेवतो.

पीसी फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून डोंबिवलीला घरीच असेंबल केला. रायझेन ५ ५६००जी, बी५५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) मायक्रो एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा बोर्ड, ८ अधिक ८ रॅम, ५५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). ग्राफिक कार्डाचे पैसे तेव्हा नव्हते म्हणून जी वाला प्रोसेसर, त्यातल्या ग्राफिक्सवर भागवायचं आणि पुढे जमेल तसं कार्ड घ्यायचं असा हिशोब. बोर्डाच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी सांगतोय तशी स्लॉटची वाटणी बऱ्याच कंपन्यांच्या बोर्डांवर असते, एकाला नाव ठेवून उपयोग नाही.

ए५२० चा, म्हणजे त्याखालच्या चिपसेटचा बोर्ड जवळजवळ चार हजारांनी स्वस्त मिळत होता. दुकानदारानेच तो आधी काढून दाखवला होता. पण मी हट्टाने बी५५० घेतला, दोन कारणांसाठी. एक म्हणजे बॉक्सवर छापलेलं पीसीआयई ४.० (कार्ड आणि एसएसडी ज्या मार्गाने जोडतात त्याची ३.० पेक्षा वेगवान पिढी) आणि दुसरं म्हणजे तीन एक्स्पान्शन स्लॉट आणि दोन एम.२ (एसएसडी बसवायच्या जागा). मला वाटलं एवढ्या जागा आहेत म्हणजे पाच वर्षं काही ना काही भर टाकत राहता येईल.

पहिले पाच महिने एकदम मस्त गेले. सगळ्यात वर प्रोसेसरच्या खाली मोठा एक्स१६ स्लॉट, रिकामा (एक्सपुढचा आकडा म्हणजे लेन, डेटा जायचे रस्ते). त्याच्या लगेच खाली छोटा एक्स१, त्यात वायफायचं कार्ड (२,४०० रुपये, एएक्स२१० चिपचं). अगदी तळाशी अजून एक लांब स्लॉट, तोही रिकामा. वायफाय कार्डातून एक नऊ पिनांची छोटी वायर निघते ती बोर्डाच्या यूएसबी हेडरला (बोर्डावरच्या यूएसबीच्या पिनांना) लावायची असते, नाहीतर ब्लूटूथ चालत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. खूप लोक ती वायर लावत नाहीत आणि मग कार्ड खराब निघालं म्हणून परत करतात.

जुलैमध्ये आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड घेतलं. बसवायला गेलो आणि तिथे पहिल्यांदा चिडचिड झाली. आजकालचं जवळजवळ कुठलंही गेमिंग कार्ड दोन स्लॉट जाडीचं तर असतंच, दोन स्लॉटमधलं अंतर असतं जेमतेम २० मिलिमीटर, म्हणजे एक्स१६ च्या लगेच खालचा स्लॉट कार्डाच्या पंख्यांखाली जाणार हे बोर्ड डिझाइन करणाऱ्याला माहीत नाही असं होऊच शकत नाही. तरी एक्स१ नेमका तिथेच. मोठ्या एटीएक्स बोर्डांवर बऱ्याचदा हा छोटा स्लॉट एक्स१६ च्या वर दिलेला असतो, तिथे तो मोकळा राहतो. इथे ग्राफिक कार्ड लावलं की एक्स१ संपला, आणि गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या बोर्डावर ग्राफिक कार्ड कोण लावणार नाही? म्हणजे तो स्लॉट बॉक्सवर आकडा वाढवण्यापुरताच आहे. अजूनही याचा राग गेलेला नाही.

मग वायफाय कार्ड काढून तळाच्या लांब स्लॉटमध्ये टाकलं. ज्यांना शंका असते त्यांच्यासाठी, छोटं कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये बिनधास्त चालतं, उरलेला भाग रिकामा राहतो एवढंच. त्या वेळी मोबाइलचा टॉर्च मारून स्लॉटच्या आत बघितलं तर लांबी पूर्ण एक्स१६ ची, पण सोनेरी पिना सुरुवातीच्या थोड्या भागातच, पुढे नुसतं काळं प्लास्टिक. म्हणजे दिसायला एक्स१६, आतून एक्स४. वरच्या स्लॉटमध्ये टॉर्च मारला तर टोकापर्यंत पिना. बोर्ड घ्यायच्या आधी दुकानात हे असं दोन मिनिटं बघून घ्या, कोणी नाही म्हणत नाही.

आता पीसीआयई ४.० चं. कार्ड लावल्यावर जीपीयू-झेड (ग्राफिक कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर बस इंटरफेसमध्ये @ च्या पुढे एक्स८ १.१, म्हणजे आठ लेन आणि अगदी जुनी पिढी. पोटात गोळा आला. नंतर कळलं की कार्ड रिकामं बसलेलं असताना वीज वाचवायला लिंक खाली उतरते, शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून टेस्ट चालवली की खरा आकडा येतो. चालवली, तर एक्स८ ३.०. एक्स८ का, तर आरएक्स ६६०० ला कंपनीनेच आठ लेन दिल्यात, ते ठीक. पण ३.० का? बोर्ड ४.० चा, कार्ड ४.० चं. बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला, कार्ड काढून परत बसवलं, सेटिंगमध्ये जेन ४, म्हणजे ४.०, सक्तीने लावून बघितलं, काही नाही. मग प्रोसेसरच्या स्पेक पेजवर गेलो आणि तिथे स्वच्छ लिहिलंय, ५६००जी मध्ये पीसीआयई ३.०. नुसता ५६०० घेतला तर ४.०, जी घेतला तर ३.०. वरचा मोठा स्लॉट आणि पहिला एम.२ हे दोन्ही थेट प्रोसेसरला जोडलेले असतात, त्यामुळे बोर्डावर काहीही छापलेलं असलं तरी वेग ठरवणार प्रोसेसर. ज्या ४.० साठी चार हजार जास्त दिले ते माझ्या पीसीत कधी चालूच झालं नाही.

त्या रात्री मी या बोर्डाला पाचपैकी एक तारा देणार होतो. पण पुढे दोन-तीन महिने गेम खेळल्यावर मत बदललं. पीसीआयई ३.० च्या एका लेनमधून सेकंदाला साधारण १ जीबी जातं, आठ लेन म्हणजे जवळजवळ ८ जीबी, आणि या कार्डावर ८ जीबी स्वतःची मेमरी आहे त्यामुळे त्याला सारखं रॅमकडे धावावं लागत नाही. मित्राकडे ५६०० वर हेच कार्ड आहे, त्याच्याकडे आणि माझ्याकडे एकच गेम एकाच सेटिंगवर लावून बघितला, दोन-चार फ्रेमचा फरक, डोळ्याला काही कळत नाही. हां, आरएक्स ६५०० एक्सटी घेणाऱ्यांनी मात्र सांभाळून, त्याला चारच लेन आणि मेमरी ४ जीबी, ते ३.० च्या स्लॉटमध्ये चांगलंच मार खातं. तिथे हा आकडा खरंच महत्त्वाचा आहे. माझ्यासाठी नव्हता, तो राग मी सोडला.

आता येतो दिवाळीवर. दुसऱ्या एम.२ मध्ये नवीन एनव्हीएमई लावली आणि वर सांगितलं तसं वायफाय गेलं. मला वाटलं कॅबिनेट हलवताना कार्डाला स्टॅटिकचा झटका बसला असणार. कार्ड काढलं, पिना खोडरबरने पुसल्या, परत लावलं, ड्रायव्हर तीनदा टाकला. ब्लूटूथ चालू, वायफाय नाही. वॉरंटी होती म्हणून सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने भिंगातून बघितलं आणि म्हणाला, साहेब इथे डाग आहे, बर्न आहे, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, अहो कार्ड जळलं असेल तर ब्लूटूथ कसं चालतंय? तर म्हणे वायफायचा भाग वेगळा जळतो. पीसीत लावून बघा म्हटलं तर तशी सोय नाही. पाऊण तास वाद घातला, शेवटी कार्ड हातातून घेतलं आणि निघालो. दोन हजार चारशे रुपये असे एका डागावर सोडायचे मला पटत नव्हतं.

तसाच ताईकडे कल्याणला गेलो. भाऊजींचा हिशोबाचा पीसी आहे, २०१४ चा, एच८१ बोर्ड, चौथ्या पिढीचा आय३. भाऊजी म्हणाले, "अरे बघ, पण माझं टॅली बंद पाडू नकोस." त्यातल्या एक्स१ मध्ये कार्ड टाकलं, विंडोज १० चालू झालं, ड्रायव्हर टाकला, आणि दोन मिनिटांत शेजारपाजारच्या सगळ्यांच्या वायफायची यादी समोर! दहा वर्षं जुना बोर्ड, नवीन कार्ड, काही कुरकुर नाही. पीसीआयईची हीच गोष्ट मला मनापासून आवडते, जुनं नवं एकमेकांशी जुळवून घेतं. त्या क्षणी इतका आनंद झाला की ताईने चहा दिलेला थंड झाला तरी लक्ष नव्हतं.

म्हणजे कार्ड ठणठणीत, गडबड माझ्या बोर्डावर. घरी येऊन मॅन्युअलची पीडीएफ पहिल्यांदा नीट वाचली. स्लॉटच्या तक्त्याखाली एक चांदणी, आणि चांदणीपुढे बारीक अक्षरात एकच वाक्य: दुसऱ्या एम.२ मध्ये पीसीआयई एसएसडी लावली तर तळाचा एक्स४ स्लॉट बंद होईल. बस. बॉक्सवर हे नाही, वेबसाइटच्या पहिल्या पानावर नाही. बायोसमध्ये कोणाला प्राधान्य द्यायचं ते निवडायची सोयही नाही.

कारण समजून घेतलं तर सोपं आहे. प्रोसेसरकडे २४ लेन, त्यातल्या १६ ग्राफिक कार्डाला, ४ पहिल्या एम.२ ला, ४ चिपसेटकडे. बाकी जे काही आहे, दुसरा एम.२, तळाचा स्लॉट, साटा (हार्ड डिस्कचे पोर्ट), लॅन, बरेचसे यूएसबी, ते सगळं चिपसेटच्या मागे आणि चिपसेटकडच्या लेन मोजक्याच. म्हणून त्याच चार लेन दोन ठिकाणी जोडून ठेवतात, आणि एका ठिकाणी काही लागलं की दुसरीकडचा रस्ता बंद. काही बोर्डांवर स्लॉटऐवजी दोन साटा पोर्ट बंद होतात, मग लोक हार्ड डिस्क मेली म्हणून रडत बसतात. आणि ब्लूटूथचं कोडंही सुटलं, बंद झाल्या त्या फक्त डेटाच्या लेन, स्लॉटमधून वीज येतच होती, आणि ब्लूटूथचा डेटा त्या नऊ पिनांच्या वायरने यूएसबीतून जातो, पीसीआयईतून नाहीच. मला हे कळल्यावर सर्व्हिस सेंटरच्या त्या माणसाला फोन करून सांगावंसं वाटलं होतं.

आता करायचं काय? एक्स१ मधून रिबनची वायर काढून कार्ड दुसरीकडे बसवायचं बघितलं, पण पंख्याच्या आणि स्लॉटच्या मध्ये बोटभरही जागा नाही. एसएसडी परत करायची मुदत गेलेली. शेवटी पंधरा मीटरची लॅनची कॅट ६ वायर आणली आणि राउटरपासून माझ्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेने क्लिपा मारत आणली. आई म्हणाली, "ही पायात आली माझ्या तर कापून टाकीन," म्हणून दाराच्या चौकटीवरून फिरवली. आणि खरं सांगतो, हे आधीच करायला हवं होतं. व्हॅलोरंट गेममध्ये मुंबई सर्व्हरवर वायफायवर पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद) १५ ते ४० मध्ये नाचायचं, आता ७-८ वर चिकटून बसलंय. मॅचच्या मधे झटका नाही.

बाकी बोर्डाबद्दल तक्रार नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात पंख्याखाली तीन-तीन तास खेळलोय, एकदाही बंद पडला नाही. ऑडिओ बरा आहे. एक्स१६ चा खटका मात्र जाड कार्डाखाली असा लपतो की बोट पोचतच नाही, मी पुतणीची प्लास्टिकची फुटपट्टी घालून दाबतो, स्क्रू ड्रायव्हर अजिबात घालू नका, घसरला तर बोर्डावर ओरखडा जाईल. एम.२ चा स्क्रूही हरवण्याइतका बारीक, खाली पांढरं कापड अंथरून काम करा.

तारे तीन देतोय. एक कापला एक्स१ च्या जागेसाठी, एक कापला त्या चांदणीसाठी, ते वाक्य बॉक्सवर छापलं असतं तर मी वायफाय आधीपासूनच बोर्डावर असलेलं मॉडेल घेतलं असतं, दीड हजारच जास्त होते. वायफाय कार्ड ताईकडून परत आणून तळाच्या स्लॉटमध्येच लावलंय. वायफाय त्याच्यात चालत नाही, पण स्लॉटमधून वीज येते, नऊ पिनांची वायर लावलेली आहे, आणि हे लिहिताना हेडफोन त्याच्यावरच चालू आहे.