एक मूल सेमी इंग्लिशला, एक सीबीएसईला: जून ते एप्रिलचा अनुभव

आमच्या दारातल्या चपलांच्या रॅकवर वर्षभर दोन शाळांचे बूट शेजारी शेजारी आहेत. लेक चौथीत, घराजवळच्या जुन्या संस्थेच्या सेमी इंग्लिश शाळेत. धाकटा पहिलीत, हायवेपलीकडच्या सीबीएसई शाळेत. हे ठरवून केलेलं नाही. २०२४ च्या सुरुवातीला दोघांनाही सीबीएसईला टाकायचा बेत होता, पण चौथीत जागा नव्हती. पहिलीत होती. लेकीचं नाव वेटिंगवर टाकलं, धाकट्याची फी भरली आणि शेजाऱ्यांना पेढेसुद्धा दिले. त्यामुळे दोन्ही शाळा एकाच घरातून, एकाच वर्षी बघायला मिळाल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत लेकीसाठी जागा निघाल्याचा फोन आला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

दोन्ही शाळांची नावं लिहीत नाही. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर माणिकबागेकडे राहतो, एवढं पुरे.

आधी पैशांचं उरकून घेते. लेकीची वर्षाची फी २६ हजार, दोन हप्त्यांत. धाकट्याची ९८ हजार, वर बसचे ३० हजार, वर पुस्तकांचा 'सेट' ६,४०० रुपयांचा. या सेटचं मला अजून नवल वाटतं. एनसीईआरटीची पहिलीची तीन पुस्तकं, सारंगी, मृदंग आणि गणिताचं, अप्पा बळवंत चौकात दोनशेच्या आत मिळतात. बाकीचे सहा हजार खासगी प्रकाशनाच्या चकचकीत पुस्तकांचे आणि शाळेचं नाव छापलेल्या वह्यांचे. त्यातली दोन पुस्तकं मार्चपर्यंत करकरीत कोरी होती. रद्दीवाल्यानेसुद्धा हातात घेऊन "नवीच आहेत की" म्हटलं.

शाळा बघायला गेलो होतो तेव्हा आम्ही काय काय बघितलं! स्मार्टबोर्ड, रोबोटिक्सची खोली, स्केटिंगची रिंक, सीसीटीव्ही. स्वागतकक्षात कॉफी मिळाली. लेकीच्या शाळेत २०२१ मध्ये गेलो होतो तेव्हा कॉफी तर सोडाच, बसायला मुलांचं बाक मिळालं होतं आणि गुडघे हनुवटीला लागले होते. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे विचारायची राहिली: तुमची शाळा सुटल्यावर आमच्या घरी किती वाजेपर्यंत चालते?

धाकट्याची रात्री दहापर्यंत चालते. ऑक्टोबरमधला एक मंगळवार सांगते. मी बँकेतून आले, कुकर लावला, मोबाइल बघितला तर ॲपवर निरोप: उद्या 'व्हेजिटेबल डे', प्रत्येक मुलाने नेमून दिलेली भाजी बनून यावं आणि त्या भाजीवर चार वाक्यं इंग्रजीत बोलावीत. आमच्या वाट्याला भेंडी. निरोप दुपारी साडेतीनला पडलेला. नवरा पावणेदहाला स्टेशनरीवाल्याचं अर्धं शटर खाली आलेलं असताना आत घुसून हिरवा कार्डशीट घेऊन आला. मी कापला, सासूबाईंनी दोरे लावले, आणि पोरगं सोफ्यावर झोपून गेलं. सकाळी त्याला झोपेतच चार वाक्यं पाठ करून घेतली. शाळेच्या पानावर त्याचा फोटो आला, तीस लाइक मिळाले. भेंडी मी होते, हे कुणाला कळलं नाही.

असं महिन्यातून दोनदा तरी. शिवाय शुक्रवारी वर्कशीटचा गठ्ठा, 'पालकांच्या मदतीने पूर्ण करा' असा शिक्का मारलेला. सप्टेंबरात मिसना विचारलं की 'मॅजिक ई', म्हणजे इंग्रजी शब्दाच्या शेवटचा मुका ई, वर्गात शिकवून झालाय का. त्या अगदी गोड हसून म्हणाल्या, "इंट्रोड्यूस केलंय, मॅम. प्रॅक्टिस घरी." इंट्रोड्यूस ते करणार, शिकवणार मी. आमच्या सोसायटीत पहिलीतल्या मुलांना फोनिक्सची शिकवणी आहे, महिना दीड हजार. वर्गातली निम्मी मुलं तिथे जातात. म्हणजे ९८ हजारांच्या शाळेला १८ हजारांचं ठिगळ.

लेकीच्या शाळेतून घरी काय येतं? शुद्धलेखनाची पाच वाक्यं आणि पाढे. बाई वह्या स्वतः तपासतात. लाल शाईत 'मात्रा विसरलीस' असं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ती मात्रा दुरुस्त केली की नाही हेही बघितलेलं असतं. चौथीला परिसर अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे अख्खं शिवचरित्र. बाईंनी ते इतकं रंगवून सांगितलंय की डिसेंबरात लेक गच्चीवर उभी राहून सिंहगडाच्या टीव्ही टॉवरकडे बोट दाखवून विचारत होती, "आई, तानाजी कुठल्या बाजूने चढले?" मला सांगता येईना. रविवारी पहाटे गडावर गेलो. तानाजी कड्यापाशी खाली डोकावून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रात्री तर काहीच दिसलं नसेल." हा प्रोजेक्ट नव्हता, मार्क नव्हते, कुणी फोटो मागितला नाही. सीबीएसईच्या चौथीला असं वर्षभराचं शिवचरित्र नाही. ते काही बोर्ड निवडायचं कारण नव्हे असं नवरा म्हणतो. म्हणू दे.

आता दुसरी बाजू. ती न सांगता लिहिणं लबाडीचं होईल.

लेकीच्या वर्गात ५४ मुलं. पंखे तीन, त्यातला एक आवाजापुरता. नोव्हेंबरात विधानसभेच्या निवडणुकीच्या कामाला बाई गेल्या आणि आठवडाभर दोन तुकड्या एकत्र बसवल्या. मैदानाच्या एका बाजूला शिक्षकांच्या स्कूटर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलींचं स्वच्छतागृह. लेक शाळेत पाणीच पीत नव्हती, जायला लागू नये म्हणून. आम्हाला हे कळलं केव्हा, तर सप्टेंबरात तिला लघवीचा संसर्ग होऊन ताप चढला तेव्हा. बाटली रोज भरलेलीच परत येत होती आणि मी रोज ती बेसिनमध्ये ओतत होते. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आम्ही सातआठ आया मिळून मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी आधी महापालिकेच्या पाण्याच्या वेळा ऐकवल्या, मग संस्थेची अडचण ऐकवली. चौथ्या खेपेला कुठे काम हललं. दिवाळीनंतर एक मावशी नेमल्या, कड्या बसल्या. आता बरं आहे. चांगलं नाही, बरं आहे.

आणि धाकट्याच्या शाळेने माझ्या मुलाचे डोळे वाचवले, असं म्हटलं तरी चालेल. ऑगस्टमध्ये त्याच्या मिसचा फोन आला. मी मनात म्हटलं, आता कुठला 'डे'? तर त्या म्हणाल्या, "तो फळ्याकडे मान तिरकी करून बघतो. मी त्याला तीनदा जागा बदलून बसवलं, तरी तेच. एकदा डोळे तपासून घ्या." नंबर निघाला, एका डोळ्याला पावणेदोन. घरात आम्हाला कुणाला कळलं नव्हतं, आणि आम्ही त्याला टीव्हीजवळ बसतो म्हणून ओरडत होतो. २८ मुलांच्या वर्गात हे दिसतं. ५४ मुलांत बाई कितीही चांगल्या असल्या तरी तिसऱ्या रांगेतली मान कुणाला दिसणार? या एका फोनवर मी त्या शाळेला तीन भेंड्या माफ करते.

इंग्रजी बोलण्यात धाकटा सरस, यात वादच नाही. मे महिन्यात बंगळूरची भाचरं आली होती तेव्हा लेक त्यांच्यासमोर 'येस' आणि 'नो' वर आटोपत होती. हा मात्र चुकतमाकत का होईना, धबाधबा बोलत होता. मराठीत मात्र एक गंमत. सासूबाईंनी त्याला दूध आणायला खाली धाडलं आणि म्हणाल्या, "अठ्ठावीस रुपये परत येतील बघ." तो दारातूनच परत फिरला: "अठ्ठावीस म्हणजे ट्वेंटी एट ना?" सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं जणू मीच सीबीएसई बोर्ड. पण खरं सांगायचं तर लेकीलाही 'एकोणसत्तर' म्हटलं की दोन सेकंद लागतात. सेमीला गणित इंग्रजीतच. तेव्हा आकड्यांच्या बाबतीत दोघं सारखीच.

जाण्यायेण्याचं थोडक्यात. लेक सात मिनिटांत चालत जाते, मैत्रिणींबरोबर. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा शासन निर्णय २०२४ च्या फेब्रुवारीत आला, हेतू चांगलाच होता, पण धाकट्याची बस त्यामुळे बरोबर ऑफिसच्या गर्दीत सापडली. त्यात तेव्हा आमच्या रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चालू होतं. सहा किलोमीटरला ५० मिनिटं. संध्याकाळी बसमधल्या मावशी त्याला बहुतेक झोपलेलाच माझ्या हातात देतात. २५ जुलैला खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी नदीकाठच्या एकतानगरीत शिरलं, त्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली. लेकीच्या बाईंनी स्वतः सकाळी फोन केला. धाकट्याच्या शाळेचं ॲप पावणेनऊला वाजलं. तोवर बसवाल्या काकांनीच "ताई, येऊ नका, पाणी आहे" असं कळवलं होतं, नाहीतर आम्ही पावसात थांब्यावर उभेच असतो.

फीवाढीचं जरा सविस्तर लिहिते, कारण हे पुष्कळांना माहीत नसतं. जानेवारीत धाकट्याच्या शाळेने पुढच्या वर्षी १२ टक्के वाढ कळवली. थांब्यावर चौकशी केली तर आदल्या वर्षीही वाढ झालेली. मी बँकेत असल्यामुळे कागद वाचायची खोड आहे. महाराष्ट्राचा शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा काढून वाचला. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ हवा, त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून सोडत काढून निवडायची, फीचा प्रस्ताव त्या समितीपुढे ठेवायचा, आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलायची नाही. मी ऑफिसात जाऊन विचारलं, समितीत कोण कोण आहे? क्लार्कने दोनदा 'ॲपवर रिक्वेस्ट टाका' म्हटलं. तिसऱ्यांदा मी खुर्ची ओढून बसले. तेव्हा यादी निघाली. तिचा फोटो थांब्यावरच्या आयांना दाखवला, तर त्यातल्याच एकीने स्वतःचं नाव वाचलं. ती समितीत होती. वर्षभर. तिला ठाऊकच नव्हतं! सोडत कधी झाली, सही कुणी केली, विचारू नका. अर्ज दिलाय आम्ही अकरा जणांनी. ग्रुपवर दोनशे पालक आहेत, बाकीच्यांनी अंगठे पाठवले.

तर फेब्रुवारीतला फोन. लेकीसाठी पाचवीत जागा, आठ दिवसांत कळवा. नवऱ्याचा कौल हलवायला. त्याचं म्हणणं, पुढे जेईई, नीट, सगळं एनसीईआरटीवरच. मार्चमध्ये शिक्षणमंत्र्यांनी राज्याच्या शाळांतही टप्प्याटप्प्याने सीबीएसई पॅटर्न आणणार असं जाहीर केल्यावर त्याचा हा मुद्दा निम्मा गळाला, पण तोवर आम्ही भांडून घेतलं होतं. मला लेकीला हलवायचं नव्हतंच. माझा प्रश्न धाकट्याचा होता. त्याची मिस चांगली आहे, पण पुढच्या वर्षी ती असेल का? यंदा त्याच्या वर्गाच्या दोन मिस वर्षाच्या मधेच सोडून गेल्या. लेकीच्या बाई तिथे १९ वर्षं आहेत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलीची मुलगी आता त्यांच्या वर्गात आहे.

शेवटी लेक तिथेच राहिली आणि धाकट्याला जूनपासून तिच्या शाळेत दुसरीत घ्यायचं ठरलं. भावंडं म्हणून प्रवेश मिळाला. हे सगळ्यांनी असंच करावं असं मुळीच नाही. ज्यांच्या घरी दोघंही रात्री आठला पोचतात त्यांना पाच वाजेपर्यंत सांभाळणारी शाळा लागते. ज्यांची बदलीची नोकरी आहे त्यांनी सीबीएसई सोडू नये. मूल अबोल असेल तर ५४ मुलांच्या वर्गात घालण्याआधी मी दहादा विचार करीन. आमचा धाकटा अबोल नाही. चष्म्याचा नंबर आता दर सहा महिन्यांनी आम्हीच तपासणार, आणि इंग्रजी बोलायचा सराव मावसभावंडांशी व्हिडिओ कॉलवर. तो कितपत होईल, बघू.

दाखला काढायला तीन खेपा पडल्या. अनामत रक्कम 'प्रोसेस' मध्ये आहे. २०२५ ला राज्याच्या शाळांच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत ताणल्यामुळे कोकणातली तिकिटं रद्द करावी लागली, त्याचे पैसे त्यामानाने लवकर आले.

धाकटा स्केटिंगसाठी दोन दिवस रडला. परवा रात्री दिवा मालवल्यावर दोघांची कुजबूज चालली होती. लेक त्याला सांगत होती, "मधल्या सुट्टीत पहिल्या नळाचं पाणी नाही प्यायचं, त्याला गंज आहे. तिसऱ्याचं प्यायचं. आणि बाटली रिकामी करूनच घरी यायचं, नाहीतर आई बघते."