माळ्यावरच्या वस्तूंचं वय : कार्बन, टीएल की सराफाचं मशीन?

पारोळ्याचा मामांचा वाडा उतरवला तेव्हा माळ्यावरून लाल कापडात गुंडाळलेली एक पोथी, देवांच्या टाकांची (पत्र्यावर ठोकलेल्या मूर्तींची) डबी आणि काळपट पडलेलं मातीचं मडकं निघालं. मामीने मडकं हातात फिरवत विचारलं, "हाई कितलं जुनं शे?" जमलेल्या सगळ्यांचं एकच उत्तर, कार्बन डेटिंग करून टाका. तुमच्याही घरी असंच काही निघालं असेल, तर पैसे भरण्याआधी एवढं वाचा.

कार्बनची कसोटी फक्त कधीकाळी जिवंत असलेल्या पदार्थाला लागते : लाकूड, कागद, कापड, हाड, शिंपला. जीव गेला की त्यातला कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, घटू लागतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो. धातू आणि दगड त्यामुळे इथेच बाद. कार्बन-१४चे अणू थेट मोजणाऱ्या एएमएस पद्धतीला काही मिलिग्रॅम नमुना पुरतो, म्हणजे तुळईची चिमूटभर ढलपी. पण कळतं ते झाडातलं ते वलय कधी वाढलं एवढंच. सुताराने रंधा कधी मारला, हे कळत नाही. जाड सागाच्या गाभ्यात आणि सालीजवळच्या कडेत शंभर वर्षांचा फरक सहज पडू शकतो. त्यात आपल्याकडे पडलेल्या वाड्याच्या तुळया नव्या वाड्याला लावायची रीत.

खरी अडचण वेगळीच आहे. साधारण १६५० ते १९५० या काळात हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण असं वरखाली झालं की एकाच नमुन्याला तीन-चार वेगवेगळे कालखंड लागू पडतात. आणि आपले उभे वाडे बहुतेक याच काळातले! अहवाल प्रामाणिक येईल, पण तुमच्या कामाचा नसेल.

मग कार्बन कुठे चालतो? चाळीसगावजवळच्या पाटण्याला. तिथे पुरातत्त्वज्ञ सां. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे आणि मणी मिळाले. कवचातही कार्बन असतो, आणि त्याचं वय सुमारे २५,००० वर्षं निघालं. तिथे शे-दोनशे वर्षं इकडची तिकडे झाली तरी कोणाचं काय अडतं?

मडक्यासाठी टीएल, म्हणजे थर्मोल्युमिनेसन्स. मातीतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्सारातून येणारी ऊर्जा मातीच्या कणांत साठत राहते. कुंभाराचा आवा (भट्टी) पेटला की आधीची साठवण पुसली जाते आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. प्रयोगशाळेत पुन्हा तापवलं की साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, तो मोजायचा. चूक साधारण दहा टक्के धरा : दोनशे वर्षांच्या मडक्याला वीस वर्षं, म्हणजे घरगुती कामाला कार्बनपेक्षा बरंच बरं. पण वाड्याला कधी मोठी आग लागली असेल, तर मोजणी त्या आगीपासूनची येते. आणि आत काय आहे म्हणून मडक्याचा एक्स-रे काढू नका. त्या किरणांची भर हिशेबात पडते आणि वय फुगतं. नमुन्यासाठी बुडाशी बारीक छिद्र पाडावं लागतं, याचीही तयारी ठेवा.

टाकांसाठी सराफाकडचं कॅरेट मशीन, म्हणजे एक्सआरएफ (एक्स-रे फ्लुओरेसन्स). वय ते सांगत नाही. पण वस्तूला ओरखडा न पाडता मिनिटा-दोन मिनिटांत कोणता धातू किती, ते सांगतं, आणि जळगावच्या सराफ बाजारात त्यासाठी वणवण करावी लागत नाही. मात्र मशीन पाहतं फक्त वरची कातडी. आमच्या खंडोबाच्या टाकावर समोरून भरपूर चांदी दिसली आणि झिजलेल्या नाकाशी तांबं वर आलं. म्हणून एकाच टाकाला तीन-चार जागी लावायला सांगा, त्यात एक झिजलेली हवीच. वर्षानुवर्षं घासपूस झालेल्या चांदीतलं तांबं पृष्ठभागावरून निघून जातं, म्हणून आकडा खरा असतो त्यापेक्षा चोख दिसतो. 'जुनी चांदी' म्हणून दाखवलेल्या वस्तूत तांबं, जस्त आणि निकेलच निघालं, तर ती जर्मन सिल्व्हर, नावापुरतीच चांदी. एक्सआरएफ चित्रालाही लावतात : जुन्या म्हणवणाऱ्या चित्राच्या मूळ पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड निघाला, तर ते चित्र विसाव्या शतकाआधीचं नाही. सराफाचं मशीन बहुधा सोन्या-चांदीपुरतंच बसवलेलं असतं, रंगासाठी ते पुरत नाही.

माझ्या मते क्रम असा : आधी डोळे, मग सराफ, मडकं खरंच मोलाचं वाटलं तर टीएल, आणि कार्बन सर्वांत शेवटी. शेतात नांगराला रंगीत खापरं लागली तर यातलं काहीच न करता पुरातत्त्व खात्याला कळवा. तापीकाठचं प्रकाशे, गिरणाकाठचं बहाळ ही गावं खापरांनीच अभ्यासकांच्या नकाशावर आली.

'आधी डोळे' म्हणजे काय, ते पोथीने दाखवलं. शेवटच्या पानावर शके १७४२, विक्रम नाम संवत्सर. ७८ मिळवले की १८२०, खानदेशात इंग्रज येऊन दोन वर्षं झालेली. शकात १२ मिळवून ६० ने भागलं तर बाकी १४ उरते, आणि साठ संवत्सरांत चौदावं विक्रमच. जुळलं. खर्च शून्य. लेखनिकाने मूळ प्रतीचा शकच तसाच उतरवला असेल, ही शंका उरते. कागद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात लाकडाचा लगदा दिसला, तर प्रत १८२० ची असूच शकत नाही. ते पान मी मामीकडून मागून घेतलंय, अजून दाखवायचं आहे.