तिन्ही शाळा ‘मान्यताप्राप्त’, पण कागद तपासल्यावर

मुलगी यंदा नववीत जाणार, म्हणून आमच्या टप्प्यातल्या तीन खासगी शाळा बघितल्या. तिन्ही माहितीपत्रकांवर ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ ठळक छापलेली. माझी नोकरी क्वालिटी ऑडिटची. भिंतीवर सर्टिफिकेट दिसलं की लोक लोगो बघतात, मी आधी तारीख आणि व्याप्ती बघते.

पहिली शाळा दिसायला एक नंबर. पोहण्याचा तलाव, रोबोटिक्स लॅब, सगळं चकाचक. आयबीचं (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, शाळांसाठी आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवणारी संस्था) नाव गेटपासून बसपर्यंत. बारीक अक्षरांत मात्र ‘कँडिडेट स्कूल’. म्हणजे शाळेने अर्ज केलाय, तयारी चालू आहे, पण आयबीने अजून परवानगी दिलेली नाही, आणि ती मिळेलच अशी हमीही आयबी देत नाही. शिवाय प्राथमिक, माध्यमिक आणि डिप्लोमा (अकरावी-बारावीचा) या कार्यक्रमांची परवानगी वेगवेगळी घ्यावी लागते. एक मिळाली म्हणजे बाकीच्या आपोआप मिळत नाहीत. प्रवेश विभागातल्या बाई म्हणाल्या, “फॉर्मॅलिटी राहिलीय हो मॅडम.” असेलही. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकलं की कुठल्या कार्यक्रमाला परवानगी आहे ते दिसतं. ते बघायला बाईंची गरज नाही.

दुसऱ्या शाळेत आयबीचा डिप्लोमा खरोखर चालतो. पण ऑफिसात लावलेलं काउन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्स या शाळांच्या संघटनेचं प्रमाणपत्र सदस्यत्वाचं निघालं. सदस्य असणं वेगळं आणि अ‍ॅक्रेडिटेशन (तपासणी करून दिलेली मान्यता) वेगळं, हे तिथे कुणी आपणहून सांगत नाही. निकालाचंही तसंच. फलकावर ४३ गुणांचा टॉपर. डिप्लोमाचे एकूण गुण ४५ असतात (सहा विषयांचे सात-सात, वर तीन) आणि इतर अटी पाळून किमान २४ लागतात. मी विचारलं, सरासरी किती, आणि पूर्ण डिप्लोमाला बसले किती? काही मुलं सुटे विषयच घेतात, ती या सरासरीत येत नाहीत. उत्तर मिळालं, “ते गोपनीय असतं.” टॉपरचा फोटो मात्र गोपनीय नाही! केमिस्ट्री लॅबमध्ये रसायन उडालं तर डोळे धुवायच्या नळासमोर बीकरची खोकी रचलेली होती. ती हलवून नळ सोडला तर आधी गंजाचं पाणी आलं. तिथेच माझं मत झालं.

तिसरी शाळा जुनी, जिने अरुंद, संकेतस्थळ तर बघवत नाही. पण इथलं अ‍ॅक्रेडिटेशन खरं आहे. आधी शाळा स्वतःचीच तपासणी करून लिहून देते, मग दुसऱ्या शाळांमधले अनुभवी शिक्षक-मुख्याध्यापक येऊन वर्गात बसतात, मुलांशी-पालकांशी बोलतात आणि शिफारशींसह अहवाल देतात. तो अहवाल मागितल्यावर मुख्याध्यापकांनी फाइलच पुढे ठेवली. शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांना पुरेशी मदत मिळत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. त्यावर नेमलेल्या शिक्षिकेला भेटवलं. लायब्ररीबद्दलचा मुद्दा अजून उघडा आहे, हेही त्यांनीच सांगितलं. एकही एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नोंदवलेली त्रुटी) नसलेला रिपोर्ट आला की मला झोप लागत नाही, त्यामुळे मला हे बरं वाटलं. लॅबमधल्या नळाशेजारी तपासणीचा तक्ता होता, दर आठवड्याची सही. सगळ्या सह्या एका बैठकीत, एकाच पेनाने ठोकलेल्या नव्हत्या. हे मी बघतेच.

तक्रारी आहेतच. मैदान लहान, बसचा फेरा लांब, ऑफिसला ईमेल केला तर उत्तराची वाट बघत बसायचं. गणिताचे सर वर्षाच्या मध्यात बदलले म्हणे, त्याचं कारण विचारलं तर विषय बदलला. नवऱ्याला अजूनही पहिल्या शाळेचा तलाव आठवतो.

आम्ही तिसऱ्या शाळेत प्रवेश घेतला. ज्यांचं मूल आत्ता नर्सरीत आहे, त्यांनी पहिली शाळा जरूर बघावी. डिप्लोमाची वेळ येईपर्यंत परवानगीचं काय ते कळेल. आठवी-नववीचं मूल असेल तर परवानगीचं पत्र दाखवल्याशिवाय पैसे भरू नका. आणि दुसऱ्या शाळेत कुणाचं मूल शिकत असेल, तर पालकसभेत त्या नळाचा विषय काढा.