रेकॉर्डचं कव्हर भिंतीवर: काचेच्या फ्रेममध्ये की फळीवर?

जुन्या एलपींचा, म्हणजे बारा इंची रेकॉर्डचा, एखादा गठ्ठा हाती लागला की गाणी राहतात बाजूला, माणूस कव्हरंच बघत बसतो. हातानं रेखलेली अक्षरं, फोटोवर रंग चढवलेले चेहरे, कोपऱ्यात कर्ण्यापुढं बसलेलं एचएमव्हीचं कुत्रं. चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरात अशी चित्रं कपाटात कोंडून ठेवणं कुणालाच पटत नाही. ती भिंतीवर यायला हवीत, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. वाद त्यापुढचा आहे.

फ्रेमची बाजू आधी घेऊ, कारण तिच्यात दम आहे. धूळ, फोडणीचा तेलकट थर, उदबत्तीचा धूर आणि पालीची घाण या चारही गोष्टी काच अडवते. शिवाजी पेठेतल्या दगडमातीच्या जुन्या भिंतीत ड्रिल मारलं तर प्लग बसायच्या ऐवजी खड्डाच हाती येतो. तिथं एका खुंटीवर टांगता येणारी फ्रेम सोयीची, आणि ती दिसतेही रुबाबदार. एलपीचं कव्हर साधारण साडेएकतीस सेंटिमीटरचं असतं. म्हणून फ्रेमचं आतलं माप साडेबारा इंच ठेवायला सांगावं. बरोब्बर मापात बसवलेला पुठ्ठा पावसाळ्यात फुगला की मधोमध पोक काढतो.

काच कव्हराला टेकू द्यायची नाही, हे फ्रेमवाल्याला बजावावं लागतं. बऱ्याच जुन्या कव्हरांवर प्लास्टिकचं पातळ लॅमिनेशन असतं. जून ते सप्टेंबर दमट हवेत ते काचेला चिकटतं आणि काढायला गेलं की छपाईसकट निघतं. मध्ये चारही कडांनी माउंटबोर्डची, म्हणजे फ्रेमिंगच्या जाड पुठ्ठ्याची, तीन-चार मिलिमीटर जाडीची पट्टी हवी. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबरी बटणं लावली की भिंत आणि फ्रेम यांच्यात वारा खेळतो. पश्चिमेच्या, थेट पाऊस खाणाऱ्या भिंतीवर फ्रेम नकोच. मुसळधार पावसाच्या गगनबावड्याकडचं घर असेल तर हा नियम दुप्पट पाळावा, कमी पावसाच्या शिरोळकडं थोडी सवलत आहे.

एवढं सगळं जमवूनही एक कटकट उरते, आणि पारडं झुकतं ते तिच्यामुळंच. फ्रेममध्ये गेलेल्या कव्हराला पाठ उरत नाही.

शास्त्रीय संगीताच्या एलपीची पाठ म्हणजे अर्धी मैफल. राग कुठला, ताल कुठला, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, शिवाय घराण्यावरचं टिपण. अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात त्यांच्याच जयपूर-अत्रौली घराण्याची रेकॉर्ड लावली आणि दोन राग मिसळलेला एखादा अनवट जोडराग सुरू झाला, की ऐकणाऱ्याचा हात आपोआप कव्हर उलटायला जातो. फ्रेम असेल तर ती खुंटीवरून उतरवा, पालथी घाला, पत्र्याच्या सहा-आठ जिभा सरळ करा, मागचा हार्डबोर्ड काढा, वाचा आणि पुन्हा सगळं उलट क्रमानं करा. तोवर विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू झालेला असतो. पत्र्याची जीभ चार-पाच वेळा वाकवली की तुटते. जुलैत तर हार्डबोर्ड ओल धरून खाचेत अडकतो, आणि स्क्रूड्रायव्हरनं उचकटताना त्याचं टोक नेमकं कव्हराच्या कडेत घुसतं. समोरून उघडणाऱ्या फ्रेमाही मिळतात, पण त्यांना बहुधा काचेऐवजी ॲक्रिलिक असतं. कोरड्या फडक्यानं पुसत राहिलं तर वर्षभरात त्यावर चरे दिसायला लागतात.

फळीचं काम त्यामानानं साधं. चार फुटांची सागवानी पट्टी घ्यायची, चार सेंटिमीटर खोल, पुढं जेमतेम एक सेंटिमीटर ओठ. ओठ याहून उंच केला तर कव्हराच्या तळाची अक्षरं झाकली जातात. तीन कव्हरं ऐसपैस बसतात. कव्हराचा पाय भिंतीपासून तीन सेंटिमीटर पुढं ठेवला की ते पाच-सहा अंश मागं रेलतं, पंख्याच्या वाऱ्यानं पडत नाही. पक्क्या विटांच्या भिंतीत तीन स्क्रू पुरतात.

फळीवर कव्हर रिकामं ठेवावं. रेकॉर्ड आत ठेवून महिनोन्‌महिने तिरकं उभं केलं तर तबकडी वाकते, उन्हाच्या भिंतीवर लवकरच. तबकडी आतल्या पाकिटात घालून कपाटात सरळ उभी ठेवायची आणि कव्हरात बारा इंच चौरस, दोन मिलिमीटर जाड माउंटबोर्ड सरकवायचा. नाहीतर रिकामा पुठ्ठा पावसाळ्यात पापडासारखा वळतो. बाहेरून पॉलिप्रॉपिलीनचं पारदर्शक पाकीट घालावं. पीव्हीसीचं नको, ते कालांतरानं चिकट होतं. पाकिटाचं तोंड उघडंच राहू द्यावं, बंद केलं तर ओल आत कोंडते. पाली काही फळी सोडत नाहीत, पण घाण पाकिटावर पडते, ते पुसता येतं.

फळीचा आणखी एक फायदा सहसा कुणी मोजत नाही. छपाईतला पिवळा आणि किरमिजी रंग उजेडानं आधी उडतो, निळा आणि काळा टिकतो. म्हणून वर्षानुवर्षं एकाच जागी टांगलेली कव्हरं शेवटी निळसर, आजारी दिसतात. फळीवरची कव्हरं दर पंधरवड्याला बदलता येतात, त्यामुळं उजेडाचा मार वाटला जातो. फ्रेममधलं चित्र बदलू असं सगळेच म्हणतात. बदललेलं फारसं पाहण्यात नाही.

दोन्हींकडं सारखीच लागू असलेली एक गोष्ट. वरची कड उसवली असेल तर सेलोटेप लावू नये. तो पिवळा पडतो आणि त्याचा डिंक पाझरून शेजारच्या कव्हराला लागतो. आतल्या बाजूनं पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ बरी, फक्त ती पुरती वाळू द्यावी, ओल्या खळीवर कसर येते.

तरी फ्रेम अगदी बाद करू नये. तबकडी हरवलेलं एकटं कव्हर, कलावंताची सही असलेलं कव्हर, सात इंची ईपीची चिमुकली कव्हरं चारच्या जोडीनं, किंवा मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डचं दुकानाच्या जाहिरातीचं भोकवालं खाकी पाकीट. हे शेवटचं इतकं ठिसूळ असतं की फळीवर उभंच राहत नाही. यांना काचेआड जाऊ द्यावं. मात्र फ्रेमवाल्याच्या हाती देताना दोनदा सांगावं, चिकटवायचं नाही, कागदी कोपऱ्यांत अडकवायचं. ‘हो’ म्हणाला तरी तो डिंकाची बाटली पुढं ओढतोच, तेव्हा काम होईपर्यंत तिथंच उभं राहावं.