वॉशर-ड्रायर एकत्र, की ड्रायर वेगळा?

रत्नागिरीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पडवीतल्या दोरीवरची जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरेच्या पट्टीला ओलसर लागते, मुलांच्या गणवेशाला कुबट वास येतो. दोन खोल्यांच्या घरात धुणं आणि वाळवणं एकाच मशीनमध्ये व्हावं, असं वाटणं साहजिकच आहे.

पण दुकानात वाळवायची क्षमता किती, हे आधी विचारा. ८ किलो धुणारं मशीन बहुधा ५ किलोच्या आसपासच वाळवतं, कारण गरम हवा खेळायला ड्रममध्ये मोकळी जागा लागते. पूर्ण भरून धुतलंत तर उरलेले कपडे काढून पुन्हा दुसरी फेरी लावा. एका फेरीतच ४-५ तास सहज जातात आणि तोवर पुढचं धुणं खोळंबतं. शिवाय बऱ्याच मॉडेलांत वाफ थंड करायला नळाचं पाणी खर्च होतं. विहिरीवर पंप असेल तर एक वेळ चालेल, टँकरवाल्या सोसायटीत विचार करा. आणि वादळवाऱ्यात वीज गेली की ओले कपडे आत अडकून बसतात.

वेगळा ड्रायर वाळवण्यात सरस. फ्रंट लोड मशीनवर स्टॅकिंग किट (एकावर एक मशीन घट्ट बसवायची जोडणी) लावून तो चढवता येतो, तेवढी उंची असेल तर मी तोच घेईन. नसेल तर एकत्रित मशीन घ्या, पण रोज थोडं थोडं धुवा आणि पिळणीचा वेग मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या वर ठेवा. ऑक्टोबर उजाडला की अंगणातली दोरी आहेच.