१५,८४९ रुपयांचं मलम

३१ वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून लोकांना "ओटीपी कुणाला सांगू नका" म्हणत आलो. आता हसा.

आमचा गोट्या १३ वर्षांचा बोका. दीड वर्षापासून मधुमेही, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिट इन्सुलिन. दिवाळीनंतर राक्षसासारखा खायला लागला आणि तरी वाळत चालला. ५.२ किलोचा ३.९ वर आला. पाणी ढसाढसा, रात्रभर ओरडत घरात फेऱ्या. मला वाटलं साखर वाढली. डॉक्टर मॅडमनी गळा चाचपला आणि टी-४ ही थायरॉईडची रक्ततपासणी करायला लावली. आकडा आला ६.८, हवा होता चारच्या आत. थायरॉईड जास्त. म्हाताऱ्या मांजरांत हे बरंच दिसतं, आणि ते असलं की इन्सुलिनही नीट लागू पडत नाही. थायरॉईड खाली आणणारी मेथिमाझोलची गोळी लिहून दिली, दिवसातून दोनदा.

मांजराला कधी गोळी दिली असेल तर पुढचं सांगायला नको. माझ्या दोन्ही हातांवर ओरखडे, गोळी सोफ्याखाली. (चिकनमध्ये लपवून द्या, असं कृपया कुणी सांगू नका. चिकन खातो, गोळी थुंकतो.)

अशात व्हॉट्सॲपवर मांजरवाल्यांच्या एका ग्रुपात एक 'डॉक्टर' भेटले. कानाच्या आतल्या बाजूला चोळायचं अमेरिकी मलम, थायरॉईड आणि साखर दोन्हींवर. असं मलम खरंच असतं हो! मेथिमाझोलचंच, कानाच्या कातडीतून अंगात भिनणारं. थायरॉईडपुरतं, साखरेसाठी नाही. मी त्याबद्दल आधी वाचलेलं होतं, म्हणूनच फसलो. निव्वळ थाप असती तर सोडून दिलं असतं.

ट्यूबचे ४,८००. थंड पेटीतून पाठवायचे वेगळे १,८५०.

क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव आलं कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. मी ते पाहिलं. चष्मा लावून पाहिलं. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, हे मोबाइलवाल्याचं नाव कसं?" मी म्हणालो, "भावाचं दुकान असेल." भाऊ आहे असं त्या माणसाने कधी सांगितलंही नव्हतं! चोराची सबब मीच शोधून दिली. काउंटरवर कुणी असं बोललं असतं तर त्याला खुर्चीत बसवून पाणी दिलं असतं आणि व्यवहार थांबवला असता. वर, त्याने गोट्याचं वजन विचारलं, पण टी-४ चा रिपोर्ट एकदाही मागितला नाही. रिपोर्ट न बघता औषध देणारा दिसला की तिथेच नंबर ब्लॉक करा.

गोळी बंद, मलम सुरू. तीन आठवड्यांनी म्हणाला, "फ्रुक्टोसामाइन करून बघा, फरक कळेल." ही मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी. केली. मधुमेह कळला तेव्हाच्यापेक्षा आकडा बराच खाली. मी खूश. दुसरी ट्यूब, ६,२००. त्याच्या सांगण्यावरून इन्सुलिन निम्मं केलं. मॅडमनी नंतर सांगितलं की थायरॉईड जास्त असताना अंगातली प्रथिनं भराभर मोडतात, त्यामुळे फ्रुक्टोसामाइन फसवं कमी दिसतं. म्हणजे ज्या आकड्यावर मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, तो आजाराचाच होता.

मग "पार्सल कस्टममध्ये अडकलंय, परत मिळणारे २,९९९ भरा." भरले. फोन बंद. एकूण १५,८४९.

त्याच आठवड्यात गोट्या उलट्या करून आडवा झाला. ग्लुकोमीटरवर आकडा नाही, नुसतं 'हाय'. रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्याची धोक्याची खूण. तीन रात्री सलाइनवर, बिल २३,४००. वाचला.

आता तक्रारीची गोष्ट. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन पहिल्या तासाभरात करायचा असतो, मी केला तिसऱ्या दिवशी, कारण लाज वाटत होती. तुम्ही लाजू नका. पोलीस चौकीतला साहेब म्हणाला, "मांजरासाठी पंधरा हजार?" आणि शेजारच्याला बोलावून पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणे वस्तू मिळाली ना, मग हा ग्राहकाचा वाद. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात. औषधांच्या कार्यालयात खिडकीवरून खिडकीवर, शेवटी "जनावरांचं आमच्याकडे येत नाही". मी १९५४ चा औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा छापून नेला होता. त्यात औषधाच्या व्याख्येत जनावरं स्पष्ट लिहिलीत, ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत मधुमेहही आहे. कागद त्यांनी ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पशुवैद्यकांच्या नोंदणीवाल्यांनी सांगितलं, हा माणूस आमच्या यादीतच नाही, मग कारवाई कुणावर करू? अहो, यादीत नाही हीच तर तक्रार! ही यादी मी ४,८०० पाठवायच्या आधी तपासायला हवी होती.

गोट्या परत गोळीवर आहे, टॉवेलात गुंडाळून, दोघांनी मिळून. दर दोन-तीन आठवड्यांनी टी-४, सोबत किडनीची तपासणी, कारण थायरॉईड खाली आलं की झाकलेला किडनीचा आजार वर येऊ शकतो. इन्सुलिनची गरजही कमी होऊ शकते, म्हणून रोज घरी साखर मोजतो आणि डोस मॅडमना विचारूनच बदलतो.

अर्धी ट्यूब फ्रीजच्या दारात इन्सुलिनशेजारी पडून आहे. पुरावा म्हणून तीन ठिकाणी दाखवली, कुणी घेतली नाही.